मकरपुऱ्याचं फ्रेंच

पहिलं वाक्य मला औषधाच्या खोक्यात सापडलं.
आठ घड्यांचा कागद, मुंगीएवढी अक्षरं,
कुशीत खोकल्याच्या सिरपची बाटली.
तनीर ऑर द ला पोर्ते देझांफां.
शेजारी तेच इंग्रजीत: मुलांपासून दूर ठेवा.
पट्ट्यावरून खोकी सरकत राहिली
आणि शिफ्ट सुटेपर्यंत मी ते पुटपुटत होते.
जिज्ञाबेन म्हणाली, शुं थयुं, जप करे छे?

घरी मराठी, रिक्षात गुजराती, टीव्हीवर हिंदी.
चौथीला जागा कुठे आहे, नवऱ्याने विचारलं.
म्हटलं, राहील चष्म्याच्या घरात.

पुस्तक मिळालं शुक्रवारी बाजारात,
चाळीस रुपयांना, शेवटची पानं गेलेली.
त्यामुळे मला भविष्यकाळ येत नाही.

सोबत एक कॅसेट. आधीच्या मालकाने
सातव्या धड्यावर कुणाचं तरी सीमंत भरलेलं.
बाँझूर मादाम, एक खोली मिळेल का,
आणि मग एकदम बायकांचा हशा, भांडी,
अरे पंखो बंध करो कोई,
आणि पुन्हा तो सद्गृहस्थ, तसाच शांत,
अजून खोली शोधतोय.

फोनवर शोधलं तर सगळ्यांना घाई.
बातम्यांतली बाई मिक्सरसारखी फिरते,
झाकण उघडायच्या आत चटणी.
मुलांच्या गोष्टी घेतल्या. त्यांत कोल्हे आणि राण्या
असा एक भूतकाळ बोलतात
जो म्हणे घरात कुणीच वापरत नाही.

लिंगं सोपी जातील असं वाटलं होतं.
आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच.
पण तिसऱ्याचं घरदार त्यांनी वाटून टाकलंय:
टेबल बाईकडे, पुस्तक बुवाकडे.
खुर्ची तेवढी दोन्हीकडे आपली ती.
चंद्र तिथे ती.
मृत्यूसुद्धा ती.
हे कळलं त्या रात्री मी वही मिटली
आणि उगाच गच्चीत जाऊन आले.

नोव्हेंबरात एक लॉट आला.
त्र्वा फ्वा पार अर.
चष्मा पुसला. पुन्हा तेच.
झूर हवं होतं. दिवसातून तीनदा.
छापलं होतं, तासातून.

पुरोहितसाहेब म्हणाले,
तुमचं काम घडी बघायचं,
वाचायला कुणी सांगितलं?
मग त्यांनीच केबिनचं दार लावून फोन केले.
बारा हजार पत्रकं मशीनमध्ये गेली, भुगा झाला.
कुणी काही बोललं नाही.
जिज्ञाबेनने डब्यातल्या दोन खांडव्या
न विचारता माझ्याकडे सरकवल्या.

एक पत्रक ब्लाउजमधून घरी आलं.
ते माझं आठवं प्रकरण.

खोक्यांवर कोतोनू लिहिलेलं असतं.
नकाशात पाहिलं, समुद्राला टेकून आहे.
मग वाटलं, तिथे ही घडी उलगडून
कुणीतरी मोठ्याने वाचत असणार.
ते कसं ऐकू येतं?

तिथलं एक रेडिओ केंद्र लागलं शेवटी.
आमची जेवणाची सुट्टी एकची,
तिथे साडेआठ, सकाळ.
एक नर्स बोलते. प्रत्येक गोष्ट दोनदा,
कारण तिच्यामागे पोरं रडत असतात
आणि समोर आया असतात,
रात्रभर जागलेल्या, एका दमात न समजणाऱ्या,
माझ्यासारख्या.

युन क्वियेर, ती म्हणते.
थांबते.
युन क्वियेर.
मी डब्यातला चमचा हातात धरून बसते.
आपल्याकडे तो, तिच्याकडे ती.
सकाळी एक, ती सांगते.
सकाळ मला येते.
रात्री एक.
रात्रही येते.
मधलं काहीतरी सुटतं, आणि भोंगा होतो.